बोट नंतर, आधी सांडवा

दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळकडे निघालात की फार्महाऊसच्या पाट्यांवर हल्ली एक शब्द बऱ्याचदा दिसतो : तलाव. हुरड्याच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरचा माणूस शहराबाहेर पडतो तो हुरडा, बाज आणि पाणी यांच्यासाठी. मराठवाड्यात नुसते पाणी बघायला मिळणे हीसुद्धा करमणूकच. मग ज्याच्या शेतात जुना नालाबांध आहे तो त्यावर दोन पॅडल बोटी सोडतो, आणि ज्याच्याकडे नाही तो पोकलेन बोलावून आठवड्याभरात बांध घालून घेतो. जमीन विकणारा दलाल तर तलावाचा वेगळा भावच लावत नाही, तो वर फुकट देतो.

फुकटचा हा तलाव सांभाळायला पैसे लागतात. पाच मीटर उंच आणि शंभरेक मीटर लांब मातीचा बांध ठीकठाक ठेवायला वर्षाला दहा-पंधरा हजार रुपये धरा. आधीच्या मालकाने काहीच केलेले नसेल तर पहिल्या वर्षी दीड लाखापासून पाच लाखांपर्यंत काहीही. एवढा फरक कशामुळे पडतो आणि कोणता खर्च आधी करायचा, हे ठेकेदाराला फोन करण्यापूर्वी माहीत असलेले बरे. पुढचे दर घासाघीस कुठून सुरू करायची हे कळावे म्हणून दिलेले अंदाज आहेत. अंतर, डिझेल आणि हंगाम यांनी ते पाव हिश्शाने सहज वरखाली होतात. घनमीटरचा हिशेब मात्र तुमच्या वहीत जसाच्या तसा उतरवून घ्यायला हरकत नाही.

एक खुलासा आधीच. तलाव जर जिल्हा परिषदेचा किंवा मृद व जलसंधारण विभागाचा पाझर तलाव असेल आणि तुमची जमीन फक्त त्याच्या काठाला असेल, तर बांधाला हात लावण्याचा तुम्हाला अधिकार नाही. तुमचा खर्च अर्जाच्या कागदापुरता. नैसर्गिक नाला अडवून नवा बांध घालायचा असेल तरी परवानगी लागते, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे नाल्याची मालकी शासनाची असते, सातबारा तुमचा असला तरी.

कोणी तपासायला येणार नाही

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी त्याने मालकावर बंधनकारक केली आहे. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांचा आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्यात येतात ती काही अटींवर : बांधाची लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर, अशा. तुमचा पाच मीटरचा बांध यात कुठेच बसत नाही. जायकवाडीही मातीचेच धरण आहे, पण त्याच्यामागे एक अख्खे खाते उभे आहे. तुमच्या बांधामागे तुम्ही आणि तुमचा सालगडी.

लहान बांध फुटला तर काय होणार, असे म्हणणारे भेटतात. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात औट्रम घाटात दरडी कोसळल्या, त्याच पावसात कन्नड तालुक्यातल्या भिलदरीचा पाझर तलाव फुटला. चिपळूणजवळचे तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले तेव्हा भेंदवाडी झोपायच्या तयारीत होती. वीसहून जास्त माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर चर्चा रंगली ती बांध पोखरणाऱ्या खेकड्यांची. अमेरिकेत जॉर्जियातला केली बार्न्स बांध जेमतेम बारा मीटरचा, मागे निव्वळ करमणुकीचे तळे. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री तो फुटला आणि खालच्या महाविद्यालयाच्या वस्तीत ३९ जण मेले. बांधाच्या उंचीपेक्षा त्याच्या खाली कोण राहते ते जास्त महत्त्वाचे. म्हणून पहिले काम बिनखर्चाचे : सांडव्यापासून ओढ्याने खाली दोन किलोमीटर चालत जा आणि घरे, विहिरी, गोठे, वीटभट्टीवरच्या झोपड्या मोजा. शहराच्या जवळ असाल तर ओढा खामला मिळतो की सुखनेला, तेही पाहा. खाम नदी जटवाड्याच्या डोंगरांकडून हर्सूल तलावात येते आणि तिथून थेट शहराच्या वस्तीतून जाते. तिच्या काठी वरच्या अंगाला काही फुटले तर ते शेतातल्या शेतात जिरत नाही.

पाहणीचे पैसे

वाल्मी, लाभक्षेत्र विकास, गोदावरी मराठवाडा पाटबंधारे महामंडळ, मृद व जलसंधारण आयुक्तालय ही सगळी कार्यालये याच शहरात. त्यामुळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांची इथे वाण नाही. मातीकामावर हयात घालवलेला माणूस शोधा. इमारतींचा आरसीसी डिझायनर या कामाचा नव्हे. नुसती भेट पाच ते दहा हजार, लेखी अहवालासह दहा ते वीस हजार. टोटल स्टेशन घेऊन येणारा सर्वेअर एका दिवसाचे पाच ते आठ हजार घेतो. हे पैसे वाचवू नका, कारण माथा कुठे खचला आहे ते नजरेला कळत नाही. शंभर मीटरच्या लांबीत तीस सेंटिमीटरचा खोलगटपणा डोळा सहज गिळून टाकतो.

पाहणी दोनदा हवी. ऑक्टोबरमध्ये तलाव भरलेला असतो तेव्हा बाहेरच्या पायथ्याची गळती दिसते, आणि मेमध्ये पाणी तळाला गेले की आतला उतार. एकदाच जमणार असेल तर ऑक्टोबर.

अहवालात पाणलोटाचे क्षेत्र, येऊ शकणारा पूर, सांडव्याची वहनक्षमता, माथ्याच्या दर पाच मीटरवरच्या पातळ्या आणि गळतीच्या जागा हव्यातच. ‘बांध सुस्थितीत आढळला’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र देणाऱ्याला चहा पाजा, फी देऊ नका.

सांडवा : सगळा खेळ इथला

मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो वाचत नाही. काँक्रीटचा बंधारा वरून वाहिलेले पाणी सहन करतो. मातीचा बांध बाहेरच्या उतारावरून खरवडत जातो आणि तासा-दोन तासांत खिंड पडते. म्हणून हातात एकच लाख रुपये असतील तर ते सांडव्यावर घाला.

सांडवा किती रुंद हवा, याचा ढोबळ हिशेब घरी करता येतो. तुमच्या बांधाकडे १ चौरस किलोमीटर, म्हणजे १०० हेक्टर, पाणलोट उतरतो असे धरा. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला आणि त्यातले साठ टक्के वाहून आले, तर सेकंदाला १६.७ घनमीटर पाणी सांडव्यावर येते. वाहत्या पाण्याची उंची साठ सेंटिमीटर ठेवायची असेल तर एक मीटर रुंदीतून सेकंदाला ०.८ घनमीटर जाते, म्हणजे रुंदी हवी २१ मीटर. मीटरभर उंचीने वाहू द्यायचे ठरवले तर १० मीटर पुरतात, पण मग माथा सांडव्याच्या पातळीपेक्षा पावणेदोन-दोन मीटर वर हवा. तुमचा पाणलोट अर्धा असेल तर आकडे अर्धे करा. डोंगर उघडा-बोडका असेल तर साठऐवजी सत्तर टक्के धरा. अंतिम मापे अभियंताच ठरवेल, पण तो आठ मीटर म्हणाला आणि तुमचा हिशेब वीस म्हणतो, तर विचारायला तोंड राहते.

इथे एक गल्लत नेहमी होते. बातम्यांतली अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. तो निकष पंचनामे आणि भरपाईसाठी ठीक आहे. लहान पाणलोटाच्या सांडव्याला दिवसभराच्या बेरजेशी देणेघेणे नसते. अर्ध्या-पाऊण तासात काय कोसळले ते त्याला झेलायचे असते. या शहराचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास म्हणून निर्धास्त राहू नका. कमी पावसाच्या मुलखात तो जेव्हा येतो तेव्हा एकदमच येतो.

आता नेहमीच्या करामती. पावसाळा संपत आला की पाणी जास्त अडवावे म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या किंवा फळ्या लावतात. एका फुटाने काय होते? साठ सेंटिमीटरच्या वाटेतले तीस सेंटिमीटर अडवले तर उरलेल्या वाटेतून निम्मे पाणी जात नाही, जेमतेम एक तृतीयांश जाते, कारण वहन उंचीच्या १.५ घाताने घटते. फूटभर पाण्याच्या हौसेपायी दोन तृतीयांश सांडवा गमावायचा हा सौदा आहे, आणि परतीचा पाऊस मराठवाड्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमका गोण्या लागल्यावर येतो.

दुसरी करामत जाळीची. रोहू-कटला वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यात मासळीची जाळी बांधतात. पुरात पालापाचोळा, बाभळीच्या फांद्या आणि प्लॅस्टिक तिला चिकटते आणि जाळीची भिंत होते. पेन्सिल्व्हेनियात साउथ फोर्कचा जुना मातीचा बांध पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबने मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतला होता. त्यांनी बग्ग्यांचा रस्ता रुंद व्हावा म्हणून माथा खाली उतरवला, सांडव्यात माशांसाठी जाळ्या लावल्या, आणि तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते ते परत बसवले नाहीत. ३१ मे १८८९ ला बांध फुटला आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात २,२०९ माणसे मेली. तो बांध तुमच्यापेक्षा चौपट उंच होता, हे खरे. केलेल्या गोष्टी मात्र त्याच, ज्या इथल्या कोणत्याही फार्महाऊसवर चालू आहेत.

तिसरी करामत रस्त्याची. खोल्या पलीकडे, पार्किंग अलीकडे, म्हणून सांडव्यावर भराव टाकून खाली दोन सिमेंटचे पाइप घालतात. साठ सेंटिमीटर व्यासाचा एक पाइप पुरात सेकंदाला पाऊण ते एक घनमीटर पाणी नेतो. वरच्या उदाहरणातल्या पुराला असे अठरा-वीस पाइप लागतील. दोन घातले म्हणजे सांडवा बुजवला. पलीकडे जायचेच असेल तर भराव काढा आणि सांडव्याच्या तळपातळीवर फरशी घाला. पुराच्या चार तासांत पाहुण्यांनी थांबावे.

खर्च असा. आठ मीटरचा सांडवा वीसचा करायचा, वाट ३० मीटर लांब आणि दीड मीटर खोल : १२ × ३० × १.५ म्हणजे ५४० घनमीटर खोदाई. कठीण मुरूम असेल तर पोकलेन तासाला चाळीस-पन्नास घनमीटर काढते, म्हणजे अकरा-चौदा तास. तासाचे १,८०० ते २,५०० रुपये धरले तर वीस ते पस्तीस हजारांत काम. पण मुरमाखाली काळा पाषाण लागला की पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो, तो तासाला पाच-सात घनमीटरच फोडतो, आणि हाच हिशेब अडीच लाखांवर जातो. तेव्हा कोटेशन मागण्याआधी जेसीबी दोन-तीन तास बोलवा (तासाचे १,००० ते १,४००) आणि सांडव्याच्या रेषेत तीन ठिकाणी चाचणीखड्डे घ्या. चार हजारांच्या खड्ड्यांनी दोन लाखांचा अंदाज पक्का होतो. ‘खडक लागला तर बघू’ असे म्हणणाऱ्या ठेकेदाराला खडक हमखास लागतो.

सांडव्याच्या तोंडाशी, वाट कुरतडू नये म्हणून, काँक्रीटचा उंबरा हवा : २० मीटर लांब, एक मीटर रुंद, पाऊण मीटर खोल, म्हणजे १५ घनमीटर. घनमीटरला साडेसहा ते आठ हजार धरून लाख-सव्वा लाख. वाट खडकातच असेल तर हा खर्च वाचतो. सांडव्याचे पाणी बांधाच्या पायथ्याशी वळून येता कामा नये. येत असेल तर मध्ये दगडी भिंत घालावी लागेल, तिचा अंदाज जागेवरच.

गळती : पाण्याचा रंग बघा

प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो. भीती पाझराची नसते, पाझराबरोबर माती बाहेर येण्याची असते. पाझराचे पाणी स्टीलच्या पेल्यात घेऊन अर्धा तास ठेवा. तळाशी गाळ बसला तर आतून पोकळी तयार होत आहे. स्वच्छ असेल तर मोजत राहा : छोटा पाट काढून पाइपातून पाणी बादलीत पाडायचे आणि बादली किती सेकंदांत भरली ते तलावाच्या पातळीसह वहीत लिहायचे. पातळी तीच आणि पाझर वाढला, तर अभियंत्याला बोलवा. पातळी मोजायला पाण्यात उभी पट्टी रंगवून घ्या, दीड हजारात होते. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसते उडून जाते, त्यामुळे उन्हाळ्यात पातळी उतरली म्हणून घाबरू नका. आणि पाझर तलावाचे तर कामच पाणी जिरवण्याचे आहे.

उपाय करताना सर्वांत मोठी चूक म्हणजे बाहेरून ओले दिसले तिथे सिमेंटचा गिलावा मारणे. पाण्याची बाहेर पडायची जागा बंद झाली की ते आत चढते आणि अख्खा उतार घसरतो. बाहेरच्या बाजूला हवा तो निचरा : खाली जाड वाळू, वर खडी, त्यावर दगड, प्रत्येकी तीस सेंटिमीटर. पाणी येते, माती अडते. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद ओल्या पट्ट्याला प्रत्येक थर १५ घनमीटर, म्हणजे सव्वापाच ब्रास (एक ब्रास २.८३ घनमीटर). वाळू, खडी, दगड आणि मजुरी मिळून साठ ते ऐंशी हजार. क्रश सँड वापरणार असाल तर धुतलेली घ्या. न धुतलेल्या सँडमधली भुकटी निचरा बुजवते. गळती बंद करायची ती पाण्याच्या बाजूने, तलाव आटल्यावर, चिकण मातीचा थर दाबून, आणि तेही अभियंत्याने जागा दाखवल्यावर. ड्रिल घेऊन ग्राउटिंग विकायला येणारे लाखाखाली बोलत नाहीत. त्यांना आधी विचारा की पाणी कुठून आत शिरते आहे.

बांधातून आरपार गेलेला पाइप शोधा. मोटारीचा असो, पाणी सोडायच्या जुन्या विमोचकाचा असो की कारंज्यासाठी कुणी नंतर घुसवलेला. पाइपाच्या कडेने पाणी वाट काढते ही लहान बांधांची जुनी दुखरी जागा. कारंज्याचा असेल तर उन्हाळ्यात खोदून काढा आणि ती खाच थराथराने भरा, वीस-तीस हजार. मोटारीचा पाइप माथ्यावरूनच न्यायचा असतो.

माथा, झाडे आणि घुशी

इथला खर्च लहान, म्हणूनच दुर्लक्षिला जातो. वीस मीटर लांबीत माथा तीस सेंटिमीटर खचला असेल आणि माथा तीन मीटर रुंद असेल, तर भर लागते १८ घनमीटर. दाबून बसणार म्हणून आठ ब्रास मागवा. रोलर आणि टँकरसह वीस-पंचवीस हजार. हीच खळगी पुरात बांधावरून पाणी जायची पहिली जागा असते.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडणारच. बांधाच्या लांबीने गेलेली उथळ भेग बुजवून लक्ष ठेवा. माथा आडवा कापून पाण्याच्या बाजूपासून बाहेरपर्यंत गेलेली भेग मात्र तळापर्यंत उकरून थराथराने भरायला हवी. वरून माती लोटून झाकलेली भेग पावसाळ्यात बोगदा होते.

सुबाभूळ, वेडी बाभूळ, निलगिरी बांधावर नको. मनगटाएवढी झाली नसतील तोवर कोयत्याने निघतात : चार मजूर, तीन दिवस, सहा-सात हजार, दरवर्षी दिवाळीनंतर. मोठे झाड नुसते तोडले तर त्याची मुळे कुजून बांधात नळ्या तयार होतात. बुंधा उकरून खड्डा भरावा लागतो, झाडामागे तीन ते पाच हजार. शहर हद्दीत तोडायला महापालिकेची परवानगी घ्या. गवत मात्र हवेच, आखूड ठेवलेले. घुशींची बिळे, साळिंदराची उकीर आणि वारुळे त्यातून दिसतात.

आणि सजावटीवाल्यांना बांधापासून लांब ठेवा. माथ्यावर लग्नाचा मंडप, झोपाळे, दिव्यांच्या केबलसाठी चर हे तरी निस्तरता येते. पार्किंग किंवा पोहण्याचा हौद करायला बाहेरचा पायथा कापणे निस्तरता येत नाही. बांधाला उभे ठेवणारे वजन तिथेच असते.

आतल्या उताराला लाटांपासून दगडी पिचिंग लागते, पण अख्ख्या उताराला नाही. पाणी वर्षातले बरेच महिने जिथे असते तेवढाच पट्टा करा. पन्नास मीटर लांब आणि सहा मीटर उताराचा पट्टा म्हणजे ३०० चौरस मीटर. तीस सेंटिमीटर जाडीला बत्तीस ब्रास दगड, मजुरीसह सव्वा ते पावणेदोन लाख. पैसे कमी असतील तर हे काम पुढच्या वर्षावर ढकला. सांडवा ढकलू नका.

मुरूम, ब्रास आणि पावती

मातीकामात ग्राहक फसतो तो मापात. ठेकेदाराचा ब्रास गाडीतला, सैल मातीचा. तुमचा ब्रास भरावातला, दाबलेला. दोन्हींत वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक. करारात लिहून घ्या की बिल कामाआधी आणि कामानंतर घेतलेल्या आडव्या छेदांवरून होईल. ते जमत नसेल तर पहिल्या टिपरचा हौदा स्वतः टेपने मोजा आणि फेऱ्यांची वही मुलाकडे द्या.

मुरमाला शासनाचे स्वामित्वधन ब्रासमागे ६०० रुपये आहे. ते भरून, खोदून, दहा किलोमीटरवरून आणलेला मुरूम १,३०० ते १,८०० रुपयांच्या खाली पडणार नाही. सातशेने देतो म्हणणाऱ्याकडे पावती नसते. बिनपरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तहसीलचे पथक आले की चौकशीत जागेच्या मालकाचे नावही येते. वाहतूक पासच्या प्रती फाइलला लावा.

‘रोलर कशाला, एका पावसात बसते’ हे वाक्य ऐकू आले की करार थांबवा. जेसीबीच्या चाकाने दाबणे म्हणजे दबाई नव्हे. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा थर, योग्य ओल, मग रोलर, मग पुढचा थर. रोलर दिवसाला सात ते दहा हजार, पाच हजार लिटरचा टँकर हजाराच्या आसपास. प्रयोगशाळेत प्रॉक्टर चाचणी दीड-अडीच हजार आणि जागेवरची घनता-चाचणी प्रत्येकी पाचशे ते आठशे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा खासगी प्रयोगशाळेत चौकशी करा. दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत अडकवून ठेवा. कोटेशन डिसेंबरात मागवा, काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. एप्रिल-मेमध्ये गाळ काढायला आणि शेत सपाटीला यंत्रे पळतात आणि दर चढतात.

गाळाचा विषय निघालाच आहे तर : ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत सार्वजनिक तलावांतला गाळ शेतात नेणाऱ्या लहान शेतकऱ्याला एकरी १५ हजारांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान मिळते. खासगी तळ्यात खर्च तुमचाच. दोन्हीकडे बांधाच्या आतल्या पायथ्यालगतचा आठ-दहा मीटरचा पट्टा उकरू देऊ नका. तिथला गाळच पाणी अडवत असतो.

शेततळ्याबद्दल थोडक्यात

अनुदानातले शेततळे (मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत कमाल ७५ हजार) करमणुकीला वापरत असाल तर फुटण्यापेक्षा बुडण्याचा धोका मोठा. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर, दोन शिड्या, फुगवलेल्या ट्यूब आणि कुंपण, एवढे हवेच. कुंपण सोडून दहा हजारांत होते. ५०० मायक्रॉनचा कागद चौरस मीटरला ८० ते १२० रुपये. त्याला भोक पडले की पाणी थेट बांधात शिरते, म्हणून फाटलेला कागद वर्षभर चालवू नका.

विमा आणि जबाबदारी

व्यवसाय चालवत असाल तर पब्लिक लायबिलिटी विमा घ्या, आणि पॉलिसीत तलाव फुटून खालच्यांचे झालेले नुकसान धरले आहे की वगळले आहे ते लेखी विचारा. बोटीवरचा पाहुणा आणि ओढ्याखालचा शेतकरी ही दोन वेगळी कलमे असू शकतात. मद्रास रेल्वे कंपनीने कार्वेटिनगरच्या जमीनदारावर दावा लावला होता : त्याचे तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले होते. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमीनदाराला सोडले, कारण या देशात शेतीसाठी तलाव ही सार्वजनिक गरज आहे आणि त्याने निष्काळजीपणा केलेला नव्हता. पॅडल बोटीच्या तळ्याला पहिले कारण सांगता येणार नाही. दुसऱ्यासाठी गळतीची वही, अभियंत्याचे अहवाल आणि बिले जपून ठेवा.

रात्री वेळ आलीच तर

पायथ्याशी गढूळ पाण्याचा झरा सुटला किंवा पाणी माथ्याला टेकायला आले, तर पहिला फोन खालच्या वस्तीला, दुसरा पोलीस पाटलाला किंवा सरपंचांना, मग ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. हे क्रमांक आणि ओढ्याकाठच्या प्रत्येक घराचा एक मोबाइल रखवालदाराच्या खोलीत भिंतीवर लिहिलेला असावा. झऱ्यावर माती टाकू नका. वाळू, खडी आणि दगड टाका. म्हणून पायथ्याजवळ पावसाळाभर एकेक ब्रास वाळू-खडी पडलेली असू द्या, सात-आठ हजारांचा माल आहे, नंतर बांधकामाला लागतोच. पाणी उतरवायला बांध फोडू नका. एकदा सुटलेली वाट कुणाच्या हातात राहत नाही. सांडव्यातल्या गोण्या, फळ्या, जाळी आधी काढा.

तळातून पाणी सोडायची सोय नसेल तर माथ्यावरून वक्रनलिका चालवता येते. सहा इंची पीव्हीसी पाइप, छत्तीस मीटर, झडप आणि सांध्यांसह पंधरा-वीस हजार. तीन मीटरचा उतार मिळाला तर तो सेकंदाला पन्नासेक लिटर, तासाला एकशे ऐंशी घनमीटर पाणी काढतो. एक हेक्टरचे तळे मीटरभर उतरवायचे म्हणजे १० हजार घनमीटर. एका पाइपाला दोन दिवसांहून जास्त, तीन पाइपांना एकोणीस तास. तेव्हा घ्यायचे तर तीन घ्या, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते एकदा चालवून बघा. फार घाईने तळे रिकामे करणेही बरे नाही, ओला आतला उतार पाण्याचा आधार गेल्यावर घसरतो. वेळ असेल तर दिवसाला फूटभर पुरे.